द्रौपदी म्हणाली, सोडा त्याला



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, पहिला स्कंध, सातवा अध्याय. अश्वत्थाम्याचा दंड.

आजची पोस्ट उशिरा आली आणि नेहमीपेक्षा लांबही आहे. हा अध्याय वाचायच्या आदल्या रात्री मी एक सिनेमा बघितला आणि नंतर झोपच लागली नाही. सकाळी पोथी उघडली तर समोर तोच प्रश्न.

सिनेमा पोलंडचा आहे. क्रिस्तोफ किश्लोव्हस्की यांचा 'अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग', १९८८ सालचा. बायबलमधल्या दहा आज्ञांवर त्यांनी दहा भागांची मालिका केली होती. 'हत्या करू नकोस' या आज्ञेवरच्या भागाचा हा मोठा सिनेमा. गोष्ट अगदी थोडी आहे. वॉर्सा शहरात विशीतला एक पोरगा दिवसभर भटकतो, टॅक्सीत बसतो आणि टॅक्सीवाल्याला दोरीने आणि दगडाने मारून टाकतो. का मारलं, ते सिनेमा धड सांगत नाही. तो खून इतका वेळ चालतो की आपणच मनात म्हणायला लागतो, बस करा आता. मग कोर्ट जवळजवळ गाळून सिनेमा थेट निकालावर येतो, आणि त्यानंतर फाशी. तीसुद्धा तशीच सावकाश दाखवलीय. दोर तपासतात, यंत्र तपासतात, खाली ट्रे ठेवतात. पहिला खून एका पोराने वेड्यासारखा केला. दुसरा वेळापत्रक लावून, सही-शिक्क्याने, दहा माणसांनी मिळून.

मला त्रास एका गोष्टीचा झाला. पहिल्या खुनाच्या वेळी माझं मन म्हणत होतं, याला लटकवा. आणि खरंच लटकवायला नेलं तेव्हा तेच मन म्हणत होतं, नको. दोन्ही वेळा मन माझंच होतं. मग खरं कोणतं?

हा प्रश्न पोलंडचा नाही, आपल्याच दारातला आहे. पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून तो ओळखला जातो. तुमच्यापैकी जे पुण्यात राहतात त्यांना घरच्या मोठ्यांनी सांगितलं असेल, तेव्हा संध्याकाळ झाली की दारं लागायची. करणारी मुलं टिळक रोडवरच्या कलामहाविद्यालयात शिकणारी होती. पहिला बळी त्यांचाच एक वर्गमित्र. राजेंद्र जक्कल आणि त्याच्या तीन साथीदारांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. पाचवा जो होता तो माफीचा साक्षीदार झाला. त्याच नावाचा मराठी सिनेमा १९८६ मध्ये आला, नाना पाटेकर त्यात होते.

मारल्या गेलेल्यांत काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते. संस्कृत व्याकरणाचा कोश करणारे पंडित, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. आपण रोज सकाळी दोन श्लोक वाचून स्वतःला साधक म्हणवतो. त्या माणसाने अख्खं आयुष्य शब्दांच्या सेवेत घातलं होतं आणि त्याच्या घरात त्याच्यासकट पाच जण एका रात्रीत संपवले गेले. घरकाम करणाऱ्या बाईसुद्धा. हे वाचलं की माझ्यातला 'दया, क्षमा, शांती' म्हणणारा मुलगा गप्प होतो. हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढे जे लिहिणार आहे ते या पाच जणांकडे पाठ करून लिहायचं नाही.

आता अध्यायाकडे येऊ.

युद्ध संपलंय. अश्वत्थाम्याने रात्री छावणीत शिरून द्रौपदीच्या पाचही मुलांची झोपेत मुंडकी उडवलीत. अर्जुन तिला शब्द देतो, त्याचं डोकं तुझ्यापुढे आणतो. पाठलाग होतो, अस्त्रं सुटतात, शेवटी अर्जुन त्याला जनावरासारखा दोरीने बांधतो. वाटेत कृष्ण म्हणतो, याला सोडू नकोस, झोपलेल्या निरपराध पोरांना मारलंय याने, मार. भागवतकार म्हणतात की कृष्ण परीक्षा बघत होता. अर्जुन मारत नाही, त्याला द्रौपदीसमोर आणून उभा करतो.

मुलं गेलेली आई आणि मान खाली घातलेला खुनी, दोघं आमनेसामने. आणि द्रौपदी म्हणते, सोडा, सोडा याला. कारण काय सांगते? एक तर हा गुरूचा मुलगा, ब्राह्मण. दुसरं, याची आई अजून जिवंत आहे. मी जशी मेलेल्या पोरांसाठी रडतेय तशी तिने रडू नये.

पहिलं कारण मला पटत नाही, आणि ते इथे झाकून ठेवणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. गुरूचा मुलगा नसता, कुणी भिल्ल असता, तर दोर सुटला असता का? या प्रश्नाकडे पुढे येतो. दुसरं कारण मात्र अंगावर येतं. अश्वत्थामा चांगला आहे असं ती म्हणत नाही. त्याला पश्चात्ताप झालाय असंही म्हणत नाही (झालेला नाहीच). मी त्याला माफ केलं, हेसुद्धा तिच्या तोंडी नाही. ती फक्त एवढंच म्हणते की रडणाऱ्या आयांची संख्या एकने वाढवू नका.

आणि बघा, भागवतकार इथे सगळ्यांना होय म्हणायला लावत नाहीत. धर्मराज, नकुल, सहदेव मान डोलावतात, पण भीम चिडतो. तो म्हणतो, याला मारण्यातच याचं भलं आहे. भीमाला कुणी पापी ठरवत नाही, गप्प बसवत नाही. मेलेली मुलं त्याच्याही घरातली होती. सोशल मीडियावर 'फाशी द्या' लिहिणाऱ्याला आपण लगेच रानटी म्हणून टाकतो ना, तसं पोथीत होत नाही. भीमाच्या रागाला जागा आहे.

कृष्ण मग अर्जुनाला पेचात टाकतो. तुझा शब्दही राहू दे, द्रौपदीचंही राहू दे, भीमालाही आणि मलाही पटेल असं कर. अर्जुन तलवारीने अश्वत्थाम्याच्या डोक्यावरचा मणी केसांसकट कापून घेतो आणि त्याला छावणीबाहेर हाकलून देतो. तेज गेलं, मान गेला, जीव राहिला. म्हणजे शिक्षा झाली. दया म्हणजे शिक्षाच नाही, असा अर्थ या अध्यायातून काढता येत नाही. प्रश्न एवढाच आहे की शिक्षेचं शेवटचं टोक कुठे असावं.

महाभारतात, शांतिपर्वात, यावर सरळ वादच आहे. फारसा कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. द्युमत्सेन राजा आणि त्याचा मुलगा सत्यवान. काही माणसांना वधासाठी नेत असताना सत्यवान बापाला अडवतो. त्याचा मुद्दा : एकाला मारलं की त्याच्या मागे बायको, आई, बाप, पोरं असे निरपराधही मारले जातात. शिवाय दुष्ट माणूसही कधी साधूच्या संगतीने सुधारतो, दुष्टाच्या पोटी चांगली संतती येते, मग मूळच का तोडायचं? द्युमत्सेनही काही कच्चा नाही. तो म्हणतो, पूर्वी नुसतं धिक् म्हटलं तरी पुरायचं, मग कठोर शब्द लागायला लागले, मग दंड, आणि आता वधानेही काही जण आवरत नाहीत. काळच तसा आलाय. तुम्ही कोणताही न्यूज चॅनेल लावा, आजही हेच दोन पक्ष भांडताना दिसतील. फरक एवढाच की तिथे बाप मुलाचं पूर्ण ऐकून घेतो.

आपल्या कायद्याने द्युमत्सेन आणि सत्यवान यांच्यामध्ये कुठेतरी रेघ ओढलीय. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चार जणांनी फाशी वैध ठरवली, पण 'दुर्मिळातल्या दुर्मीळ' प्रकरणातच द्यायची असं सांगितलं. न्यायमूर्ती भगवती एकटे विरोधात होते. जन्मठेप हा नियम, फाशी हा अपवाद. कागदावर हे चांगलं वाटतं. पण दुर्मीळ कोणतं ते ठरवणार माणूसच. आणि माणूस चुकतो.

किती चुकतो? नाशिकजवळ जून २००३ मध्ये एका झोपडीवर दरोडा पडला, खून आणि बलात्कार झाले. भटक्या समाजातल्या सहा गरीब मजुरांना पकडलं. खालच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. देशातलं सगळ्यात वरचं कोर्ट, त्याच्या वर अपील नाही. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. सहापैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं गेली. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे प्रॉडक्शनवर डेटा उडवायची कमांड एकट्याला चालवू देत नाहीत, आणि बॅकअप असल्याशिवाय तर नाहीच. कारण अनुभवी माणूसही रात्री दोन वाजता चुकतो, हे गृहीत धरलेलं असतं. २००९ आणि २०१९ यांच्या मध्ये दोर ओढला गेला असता, तर कुठला बॅकअप होता?

म्हणून मगाशी बाजूला ठेवलेला प्रश्न आता घेतो. गुरूच्या मुलाचा दोर सुटतो. पालावर राहणाऱ्याचा सुटतो का? द्रौपदीचं पहिलं कारण सोडून दुसरं धरलं, तर सुटायला हवा. आई प्रत्येकाला असते, वकील प्रत्येकाला परवडत नाही.

पण खरं सांगू? चुकीचा माणूस लटकेल, हा युक्तिवाद सोपा आहे. जक्कलच्या बाबतीत माणूस चुकीचा नव्हता. अश्वत्थाम्याच्या बाबतीतही नव्हता. खरा कस तिथे लागतो.

तर आता माझ्या जिल्ह्यात या.

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीकाठी नर्सी आहे, संत नामदेवांचं गाव. आणि तिथून फार लांब नाही असं औंढा नागनाथ, बारा ज्योतिर्लिंगांतलं एक. नामदेवांना विसोबा खेचर गुरू भेटले ते औंढ्यालाच. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. माझी आजी मात्र औंढ्याची दुसरी गोष्ट सांगायची, तीसुद्धा हळू आवाजात.

गोष्ट अशी की नामा आधी वाटमाऱ्या होता. टोळीने चौऱ्याऐंशी घोडेस्वार कापून काढले. पुढे एकदा तो औंढ्याच्या देवळात आला असताना तिथे एक बाई होती, तिचं पोर भुकेने रडत होतं आणि ती त्याच्यावर खेकसत होती. नाम्याने विचारलं, बाई, पोराला का रडवतेस? ती म्हणाली, खायला काय घालू, याचा बाप त्या घोडेस्वारांत होता. तिला माहीत नव्हतं ती कुणाला सांगतेय. नाम्याने शस्त्र काढून स्वतःच्याच डोक्यावर घाव घालून घेतला आणि रक्त पिंडीवर उडालं.

ही कथा ऐतिहासिक आहे असं मी म्हणत नाही. बरेच अभ्यासक ती आपल्या नामदेवांची मानत नाहीत, नामा हे नाव लावणारे पुढे आणखीही कवी झाले. शिंप्याच्या घरात जन्मलेला, लहानपणीच विठोबाला नैवेद्य खाऊ घालणारा नामदेव आपल्या मनात पक्का आहे आणि ही कथा त्यात बसत नाही. कुणाच्या श्रद्धेला धक्का लागला तर माफ करा. मला एवढंच दिसतं की शेकडो वर्षं आपल्या लोकांनी ती गोष्ट फेकून दिली नाही. म्हणजे त्यांना ती हवी होती. कशासाठी?

आजीला मी विचारलं होतं, मग त्या बाईने त्याला माफ केलं का? आजी म्हणाली, "ती कशाला माफ करील? तिचं लेकरू उपाशीच होतं की."

हे उत्तर मला तेव्हा कळलं नाही, बरंच उशिरा कळलं.

गावाकडे मी शाळेत असताना बांधाच्या वादातून एक खून झाला. दोन्ही घरं आमच्याच आळीतली. नावं लिहीत नाही. मारणाऱ्याला जन्मठेप लागली. पुष्कळ वर्षांनी तो सुटून आला, दाढी पांढरी झालेली, गळ्यात माळ. त्या वर्षीच्या सप्ताहात तो मांडवात येऊन मागे बसला. आपल्यात रीत आहे, कीर्तन संपलं की सगळे एकमेकांच्या पाया पडतात, लहान-मोठा बघत नाहीत. तो वाकत वाकत पुढे येत होता आणि मेलेल्याचा भाऊ रांगेत उभा होता. भाऊ काही बोलला नाही. टाळ खाली ठेवले आणि मांडवाबाहेर निघून गेला.

मी तेव्हा नुकता इंजिनिअरिंगला लागलो होतो, डोक्यात बरंच काही वाचलेलं. आजोबांना म्हटलं, आबा, त्या काकांना समजवा ना. गीतेत तर भगवंत म्हणतात, कितीही दुराचारी असला तरी अनन्यभावाने भजला की त्याला साधूच मानावा. आबा वीणा घेऊन उभे राहणारे, गीता त्यांची तोंडपाठ. म्हणाले, "देवानं मानावं. मीबी मानतो. पण त्याला माफ कर, हे मी कुण्या तोंडानं सांगू? भाऊ माझा मेला नाही."

आणि तो सुटून आलेला माणूस? तो दर वर्षी यायचा आणि मागेच बसायचा. भाऊ आत असला की हा पाया पडायच्या रांगेत यायचा नाही, पंगतीत वाढायला जायचा. शेवटपर्यंत. त्यांचं जमलं, गळ्यात गळे पडले, असं काहीही झालं नाही.

हल्ली वाटतं, जे झालं तेच खरं प्रायश्चित्त असावं. रोज त्या आळीतून जायचं. रोज त्या माऊलीला पाणी भरताना बघायचं. फासावर गेला असता तर हे सगळं चुकलं असतं.

माझं म्हणणं इथे येऊन थांबतं. मी फाशीच्या विरोधात आहे. खुनी बिचारा असतो म्हणून नाही. औंढ्याच्या गोष्टीत नाम्याला बदललं कुणी? देवाने नाही, उपदेशाने तर नाहीच. ज्याचं वाटोळं केलं तिचा आवाज कानावर पडला, तेव्हा तो बदलला. तो आवाज ऐकायला माणूस जिवंत लागतो. मेलेल्याला पश्चात्ताप होत नाही. आणि ज्याला कधीच पश्चात्ताप होणार नाही, त्याला आयुष्यभर कोंडून ठेवायला तुरुंग आहेत. समाजाचं रक्षण तेवढ्याने होतं. पसायदानात माउलींनी काय मागितलं ते आठवा. दुष्ट मरोत असं नाही मागितलं, त्यांचा वाकडेपणा जावो म्हणून मागितलं. माणूसच नाहीसा केला तर वाकडेपणा कुणाचा जाणार?

पण याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे, आणि आपण भाविक लोक तिथे कमी पडतो. क्षमेची कीर्तनं आपल्याला फार आवडतात. वाल्याचा वाल्मीकी झाला, की आपण टाळी वाजवतो. वाल्याने ज्यांना मारलं त्यांची पोरं कुठे गेली, हे कधी विचारलं? माफीचा साक्षीदार हा कोर्टातला शब्द आहे, सरकार माहितीच्या बदल्यात माफी देतं. तो सौदा आहे, चालतो. पण बाहेर बसून आपण जेव्हा म्हणतो 'जाऊ द्या, माफ करा', तेव्हा आपण दुसऱ्याच्या खात्यातून दान करत असतो. सरकार फाशी माफ करू शकतं, राष्ट्रपती करू शकतात, ते ठीक. आतली माफी फक्त त्या बाईची. द्यायची तर ती देईल, नाही तर नाही. आणि ती देवो न देवो, तिचं लेकरू उपाशी राहू नये ही जबाबदारी माझी, तुमची, सगळ्या गावाची आहे.

एक कबुली देतो. २०१६ ला कोपर्डीची घटना झाली तेव्हा मीही स्टेटस ठेवलं होतं, दोराचं चित्र आणि खाली दोन शब्द. त्या रागाची मला आजही लाज वाटत नाही, तो भीमाचा राग होता आणि भीमाला पोथीत जागा आहे. लाज दुसऱ्या गोष्टीची वाटते. स्टेटस मागे पडलं, आणि त्या घराचं पुढे काय झालं याची चौकशी मी एकदाही केली नाही. दोर मागणं फुकट होतं.

आजचा नेम मोठा नाही. तुमच्या गावात, सोसायटीत, नात्यात असं एखादं घर असेल जिथे माणूस मारला गेला, आणि बातमी जुनी झाल्यावर कुणी फिरकलं नाही. तिथे जा. क्षमेवर बोलू नका, न्यायावरही बोलू नका. विचारा, पोरांची फी भरली का. एवढंच.

मीही या रविवारी गावी जातोय. त्या भावाकडे चहाला. त्याचे टाळ अजून आमच्याच घरी आहेत, त्या दिवशी मांडवातून उचलून आबांनी खुंटीला लावले होते. परत देईन म्हणतो. घेतले तर घेतले.

उद्या अध्याय आठवा, कुंतीस्तुती.

राम कृष्ण हरी.